वस्तू क्रमांक एकेचाळीस

४ मार्च

दादा,

'तीर्थरूप' लिहून दोनदा खोडलं. ज्या तीर्थाकडे अकरा वर्षं फिरकले नाही, त्याला त्या नावानं हाक मारायची तर आधी लाज वाटायला हवी, आणि लाज वाटून घ्यायला आज मला सवड नाही. तेव्हा नुसतं दादा. नमस्कार मात्र पूर्वीइतकाच वाकून. गुडघे तेवढे पूर्वीचे राहिलेले नाहीत.

तुझा फोन लागत नाही. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं एक बाई फार गोड आवाजात सांगते. सकाळपासून सात वेळा सांगून झालं तिचं. अस्तित्वाबद्दल इतक्या खात्रीनं बोलणारं माणूस मला दर्शनांच्या वर्गातही भेटलं नव्हतं. म्हणून पत्र.

कामाचं सांगते. छापखान्यात मी अजून प्रुफंच तपासते. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या बाईला जग दुसऱ्यांच्या चुकांवरच पोसतं, हे तू फार पूर्वी म्हणाला होतास; अजून पोसतंय. सध्या लिलावघराच्या सूचीची प्रुफं आली आहेत. खुर्च्या, झुंबरं, कुणाच्या तरी आजोबांची काठी. लिलाव शनिवारी आहे. काल लाल पेन्सिल घेऊन नवव्या पानावरून निवांत चालले होते, तर तिथं हे होतं. जसंच्या तसं उतरवते:

'वस्तू क्र. ४१. पुरुषी मनगटी घड्याळ, जुने, पोलादी, किल्लीचे. तबकडी पिवळसर, सातच्या आकड्याशी डाग. मागील झाकणावर अर्धचंद्राकृती ओरखडा. बंद स्थितीत.'

'पुरुषी'चं मी 'पुरुषांचे' केलं. मग हात थांबला तो थांबलाच.

सातशी डाग. मागे अर्धचंद्र. दादा, तो अर्धचंद्र तू काढलास. नऊ वर्षांचा असताना, कंपासच्या टोकानं, आत कोण टकटक करतंय ते बघायला. मी तेव्हा दोन वर्षांची, मला आठवायचं काही कारण नाही; पण घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की कंपास माझ्याच हातात होता की काय असं वाटावं.

अण्णांचं घड्याळ आहे ते. ते गेल्यावर कपाटात सापडलं नाही, ते. तू नेलंस असं सगळे म्हणतात, ते. ('सगळे' असं लिहिते आहे. या अनेकवचनावर आज वाद नको.)

त्या पानाचं शीर्षक मी आधीच तपासून पुढं गेले होते. शीर्षक आहे 'बेवारस वस्तू'. त्यात मला एकही चूक सापडली नव्हती. आता दर दहा मिनिटांनी ते पान उघडून बघते आहे, एखादी सापडते का म्हणून.

तुझ्याकडचं घड्याळ बेवारस कसं झालं? विकलं असतंस तर विक्रीच्या यादीत आलं असतं. चोरीला गेलं असतं तर चोर लिलावघराची पायरी चढला नसता. तिसरी शक्यता मी कागदावर आणत नाही.

एक ओळ लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, अक्षर तुझं असलं म्हणजे झालं.

पंडितीण
(हे नाव तूच ठेवलंस. आता परत घेता येणार नाही.)


१० मार्च

दादा,

पत्र पोचायला तीन दिवस, तुला रागवायला दोन. म्हणजे तुझी मुदत तशी संपलेली नाही. तरी हे पत्र रजिस्टर्ड टाकते आहे. घेताना तुला सही करावी लागेल आणि ती पोचपावतीवर बसून माझ्याकडे येईल. बोलू नकोस हवं तर. सही कर.

घड्याळ मी घेतलं.

शुक्रवारी वस्तू बघायला मांडल्या होत्या. एक लांबलचक खोली, छताला ट्यूबलाइटी, आणि लोक असे फिरत होते जसे परक्याच्या घरात कुणी बघत नसताना फिरतात. एकेचाळीस नंबर काचेच्या पेटीत होता, एका बाजूला कानातले, दुसऱ्या बाजूला दुर्बीण. मी काचेवर हात ठेवून उभी राहिले. काढला तेव्हा पाच बोटांचा ओला ठसा राहिला होता.

व्यवस्थापक तिथंच होता. बंद गळ्याचा कोट, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"हे कुणाकडून आलं?"

"बाई, देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नसतो. धंद्याचा नियम आहे."

"नाव नको. आहे का, एवढंच सांगा."

"आहे का म्हणजे?"

"हयात आहे का?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमची प्रुफं तपासता त्या तुम्हीच ना? मग शीर्षक वाचलंत की. बेवारसातला माल आहे हा. जागा रिकामी करायची असली की कुलूप तोडतात, आतलं सामान आमच्याकडे धाडतात. आतला माणूस कुठं गेला ते आम्ही कशाला विचारायचं?" मग किल्ल्या खुळखुळवत म्हणाला, "तसे सगळे एकाच ठिकाणी जातात म्हणा."

विनोद वाईट नव्हता. एरवी मी दाद दिली असती. त्या वेळी फक्त शेजारची दुर्बीण कितीची आहे ते विचारलं, कारण तोंडातून काहीतरी आवाज काढायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी लिलाव. मी दुसऱ्या रांगेत. माझ्यामागे एक जुन्या घड्याळांचा व्यापारी, तोंडात दातकोरणी. बोली लावायची तर दातकोरणी उजव्या गालातून डाव्या गालात न्यायचा. पुकारणाऱ्याला ते कळायचं, मला कळायचं नाही. एकेचाळीस पुकारलं आणि मी हात वर केला. हातात लाल पेन्सिल होती हे वर गेल्यावर दिसलं. दातकोरणी हलली असावी, कारण आकडा वाढला. मी पेन्सिल वर केली. पुन्हा वाढला. पुन्हा पेन्सिल. मग कुणीच काही बोलेना, आणि त्या शांततेची मला इतकी धास्ती वाटली की मी आणखी एकदा पेन्सिल वर केली.

पुकारणारा हातोडा खाली ठेवून म्हणाला, "बाई, शेवटची बोली तुमचीच आहे. आता तुम्ही स्वतःशीच भांडताय."

सगळी खोली हसली. मागून दातकोरण्या म्हणाला, "असू द्या हो, जिंकतील तरी."

किती मोजले ते विचारू नकोस. गुडघ्याच्या ऑपरेशनचे होते. गुडघे म्हणाले, आम्ही थांबतो.

घड्याळ हातात आल्यावर मी आधी काय केलं असेल? नाकाला लावलं. तेलाचा वास आला, अगदी पुसट. जन्मभर बॉयलर तपासत फिरलेला माझा भाऊ, त्याच्या हाताचा असेल हा वास, असं मनात आलं आणि मी तिथंच, पैसे भरायच्या खिडकीशी, सगळ्यांसमोर नाक शिंकरलं.

सही कर, दादा. नुसती वेलांटी ओढलीस तरी मी ओळखीन.

पंडितीण


१७ मार्च

दादा,

पोचपावती आली. सही तुझी नाही.

काल दुपारी पोस्टमननं दारातून सरकवली. मी कुकर लावत होते. ते गुलाबी पुठ्ठ्याचं चिठोरं उचललं आणि आधी तारीख वाचली, मग शिक्का, मग तुझं नाव, जे माझ्याच अक्षरात होतं. सही सगळ्यात शेवटी. धीटपणा म्हणून नव्हे. जेवताना नावडती भाजी मी शेवटी खायची, तशी.

तुझी सही म्हणजे एक उभी काठी आणि पुढं धूर सोडत जाणारी रेघ. ही सही गोल आहे. एकेक अक्षर वेगळं, शाळेत गिरवल्यासारखं. नाव लागत नाही. खाली 'करिता' लिहिलं आहे. दादा, 'करिता' म्हणजे काय? कुणाकरिता? घर आवरणाऱ्याकरिता? खोली नव्यानं भाड्यानं घेतलेल्याकरिता?

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही. कालपासून कुकर घासते आहे.

तुझ्या जुन्या कार्यालयात फोन केला. बॉयलर तपासणी विभाग, कुणी तरुण गृहस्थ.

"ते रिटायर होऊन तीन वर्षं झाली, मॅडम."

"त्यांची तब्येत कशी होती, तुम्हाला काही कल्पना?"

"आम्ही बॉयलरची तब्येत बघतो, मॅडम." मग त्याला स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं. म्हणाला, "जाताना सगळ्यांना पेढ्यांऐवजी पेनं वाटली त्यांनी. माझ्याकडे आहे अजून. चांगलं चालतं."

तेवढ्या पेनावर मी आख्खी दुपार काढली.

आता तुला शिकवते, कारण घाबरले की मी शिकवायला लागते. डोंगरावर धूर दिसला की तिथं आग आहे असं समजावं; तर्कशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात हेच असतं. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या लागतात. एक, धूर खरोखर धूर असावा, धुकं नसावं. दुसरी, जिथं धूर तिथं आग, याला अपवाद नसावा. माझं अनुमान असं: घड्याळ दादाकडे होतं. ते घड्याळ बेवारस म्हणून कुलूप तोडून काढलं गेलं. यापुढचं वाक्य मला येतं. लिहीत नाही. अनुमान पुरं करायचं नाही असा हट्ट धरलेली मी पहिलीच विद्यार्थिनी असेन.

छापखान्यात वर्तमानपत्राचीही पानं येतात. निधनवार्तांचा रकाना नवीन मुलीकडे असतो. गेला आठवडाभर तो मी मागून घेते. मुलगी म्हणाली, "तुम्ही कशाला, मॅडम? त्यात चुका नसतात फारशा." मी म्हटलं, वयं तपासायची असतात. एकसष्टवर बोट थांबतं, नाव वाचते, पुढं जाते. पुढं जाताना बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं फार घाणेरडं आहे, कारण तोही कुणाचा तरी दादा असतो.

घड्याळ टेबलावर आहे. किल्ली फिरवली तर फिरते, काटे हलत नाहीत. उद्या-परवा कुणा घड्याळजीकडून उघडून घेते. आत काही कागद, काही खूण, काहीतरी असेल. तुझ्या कंपासपेक्षा बरं हत्यार असतं त्यांच्याकडे.

पंडितीण


२१ मार्च

दादा,

बस आधी. बसला असशील तर वाच.

काल घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे गेले. बाजारातल्या एका जिन्याखाली बसतो. समोर काचेचं टेबल, डोळ्याला भिंग. माणसाशी बोलताना भिंग काढत नाही, त्यामुळे एक डोळा आपल्याकडे आणि दुसरा भिंगामागे मोठा होऊन आपल्या आत बघतो. माझ्याच वयाचा असेल. घड्याळ हातात घेतलं आणि त्याला म्हणाला, मला नव्हे, "काय हो, कुठं होता इतके दिवस?"

झाकण उघडून आतली बाजू त्यानं उजेडात धरली आणि दोनदा फिरवून पाहिली.

"काय आहे?"

"खुणा आहेत. आम्ही लोक उघडलं की झाकणाच्या आतून सुईनं ओरखडून ठेवतो. तारीख, आपली खूण. पुढच्यानं बघितलं की कळावं, आधी कोणी हात लावलाय. गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही." त्यानं भिंग काढून माझ्याकडे दिलं. "बघा."

भिंगातून पाहिलं. चांदण्यांसारखे बारीक आकडे, एकाखाली एक, सात ओळी. प्रत्येक ओळीशेवटी एक छोटा त्रिकोण.

"हा त्रिकोण म्हणजे माझे गुरुजी," तो म्हणाला. "मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. सगळ्या सात खुणा त्यांच्याच आहेत. म्हणजे हे घड्याळ दुसऱ्या कुणाला दाखवलंच नाहीत तुम्ही."

"कोपऱ्यावरचं दुकान?" मी विचारलं. "चिंचोळं, हिरव्या दाराचं?"

"तेच. तुमचं घर तिकडंच का?"

तिकडंच. तुला आठवत असेल ते दुकान. आपण दोघं शाळेतून येताना काचेला नाक लावून आतली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात म्हणून हसायचो.

मग तो जे म्हणाला ते शब्दशः लिहिते.

"आता ही गुरुजींची एक लकब बघा. घड्याळ दुकानात घेतलं की ते तारीख टाकायचे. आणि दुरुस्त करून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं की त्या तारखेखाली एक रेघ ओढायचे. म्हणायचे, रेघ ओढली की आपली जबाबदारी संपली. रेघ ओढल्याशिवाय झाकण बसवलं तर माझ्या टाळक्यात चापट. आता मोजा. सहा तारखांखाली रेघ आहे. सातवीखाली?"

सातवीखाली नव्हती. मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. नव्हती.

"आत बघा," तो म्हणाला, "डोलणारं चाक बसवलेलंच नाही. धुऊन, तेल टाकून ठेवलंय आणि काम अर्ध्यावर सोडलंय. गुरुजी तसे सोडणारे नव्हते. पण त्याच महिन्यात ते दुकानात पडले, कमरेचं हाड मोडलं, ते परत उठलेच नाहीत. दुकानाला कुलूप लागलं. मुलगा आणि घरमालक यांचं कोर्टात अकरा वर्षं चाललं. आता या जानेवारीत निकाल लागला, घरमालकानं कुलूप तोडलं, आतलं सगळं गोळा करून लिलावाला दिलं. बाई, हे घड्याळ त्यांच्या टेबलावरून उठलंच नव्हतं."

दादा, ते तेल बॉयलरचं नव्हतं.

मी त्याच्या जिन्याखालच्या स्टुलावर बसले आणि हसले. तो घाबरला, पाणी दिलं. कुलूप तुझ्या खोलीचं नव्हतं! घड्याळ तुझ्याकडून आलंच नाही! धूर धूर नव्हता, धुकं होतं. माझं आख्खं अनुमान पहिल्या पायरीलाच कोसळलं आणि इतक्या आनंदानं कुणी कधी चूक ठरलं नसेल.

हा आनंद बाजाराच्या टोकापर्यंत टिकला. तिथं माझ्या लक्षात आलं, की घड्याळ तुझ्याकडे नव्हतंच, म्हणजे ते तुझ्याविषयी काहीच सांगत नाही. वाईट नाही, तसं चांगलंही नाही. फोन तसाच बंद आहे. ती गोल सही तशीच आहे.

आणि तू ते नेलं नव्हतंस. हे मी अशा सावकाशीनं लिहिते आहे जशी ती दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे.

त्यानं विचारलं, "चाक बसवून चालू करू?" मी म्हटलं थांबा, मालकाला विचारते. मालक तू आहेस. घड्याळ त्याच्याकडेच ठेवून आले.

सातव्या खुणेची तारीख ९ ऑगस्ट आहे. अण्णा गेले त्याच्या सतरा दिवस आधी. अण्णा तेव्हा अंथरुणावर होते, तू दौऱ्यावर. म्हणजे दुकानात ते दुसऱ्या कुणीतरी नेऊन दिलं असणार.

बाकी उद्या लिहिते. डोळे दुखताहेत.

पंडितीण


२२ मार्च

दादा,

डोळे दुखत नव्हते.

मी नेऊन दिलं.

त्या सकाळी अण्णांनी उशाखालून चष्म्याची डबी काढून माझ्या हातात दिली. आवाज अगदी खोल गेला होता. "कोपऱ्यावरच्या दुकानात दे. नीट करून ठेवा म्हणावं." दुकानाच्या पाटीवर काय होतं आठवतं? 'घड्याळे व चष्मे दुरुस्ती'. डबी चष्म्याची. मी चष्मा समजले. उघडून बघायला दोन सेकंद लागले असते, पण मला छापखान्यात एका कोशाची प्रुफं द्यायची होती. दुसऱ्यांच्या चुका वाट बघत होत्या. डबी काउंटरवर ठेवली, म्हटलं, अण्णांची आहे, नीट करून ठेवा. म्हाताऱ्यानं भिंग न काढता मान हलवली. पावती घ्यायला थांबले नाही.

संध्याकाळी अण्णांच्या डोळ्यांवर चष्मा होता. दोन असतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

चार दिवसांनी त्यांची वाचा गेली. आता जे लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण कालपर्यंत त्याचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता. त्या शेवटच्या दिवसांत ते माझ्याकडे बघून डाव्या मनगटावर बोट ठेवायचे. ठेवायचे आणि थांबायचे. मी वेळ सांगायची. 'साडेचार झाले, अण्णा.' ते मान हलवायचे आणि पुन्हा बोट ठेवायचे. मी म्हणायची, 'चार पस्तीस.' एकदा तर हसून म्हटलं, 'इतकी कसली घाई आहे?'

आता ते गेले तो दिवस. घर भरलेलं, आत्या, काका, शेजारचे. कपाटात घड्याळ नाही. मावशी म्हणाली, इथंच असायचं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मी बोलले. 'सगळे' नाहीत, दादा. मी. मी म्हटलं, "लहानपणी झाकण उघडता आलं नाही, म्हणून या वेळी आख्खंच नेलंस की काय?"

लोक हसले. मला विनोद जमतात.

तू बॅग आणून सगळ्यांसमोर जमिनीवर उलटी केलीस. दोन शर्ट, दाढीचं सामान, दाब मोजायचं ते पितळी मीटर. मीटर घरंगळत काकांच्या पायाशी गेलं.  मी तिथं थांबले असते तरी निभावलं असतं. मी म्हटलं, "खिसे राहिले."

तू खिसे दाखवले नाहीस. बॅग भरून निघून गेलास, आणि खिसे दाखवले नाहीत म्हणूनच चोर, असं मी अकरा वर्षं मानलं. माझ्या तर्कशास्त्राची ही पातळी.

आतापर्यंत तू नसशील याची भीती वाटत होती. आता तू असशील याचीही वाटते. नसलास तर हे सांगायला उशीर झाला. असलास तर सांगावं लागेल. या दोहोंत मला कुठलं हवं आहे हे स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायला एक क्षण लागला. तो एक क्षणही तुला सांगायला हवा, म्हणून लिहिला.

सोमवारी येते. दार उघडणारा जो कुणी असेल त्याला विचारते.

पंडितीण


२५ मार्च, तुझ्या जिन्यावर

दादा,

तुझ्या दारासमोरच्या पायरीवर बसले आहे, पिशवी मांडीवर ठेवून. क्रमानं लिहिते. 

खाली शिवणकाम करणाऱ्या बाई बसतात. मी तुझं नाव सांगितलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"तुम्ही कोण?"

'बहीण' म्हणवेना. म्हटलं, "मी पत्रं लिहिते ती."

त्यांनी एकेक करून टाचण्या काढल्या. मला वाटलं आता त्या ते वाक्य बोलणार. मी शिलाई मशीनचा काठ धरला.

"अगं बाई, त्या जाड पाकिटांच्या तुम्ही! सही मीच केली की. ते म्हणाले, रेघ कुठंय ते दिसत नाही, तुम्हीच करून टाका."

ते म्हणाले. म्हणजे तू म्हणालास. म्हणजे तू अजून म्हणतोस.

"दिसत नाही म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. उजेड तेवढा कळतो त्यांना. बहीण ना तुम्ही? तुम्हाला ठाऊक नाही?" मी मान हलवली. त्यांनी ती कशी हलली ते नीट बघून घेतलं. "मागचा पत्ता मी वाचून सांगितला, म्हटलं वाचून दाखवू का? तर नको म्हणाले. नुसतं हातात धरून वजन करतात. पहिलं आलं तेव्हा म्हणाले, जाड आहे, भांडायला आली आहे. दुसरं आलं तर म्हणाले, अजून संपलेलं दिसत नाही."

त्यांनी मला वर आणलं. दारातून हाक मारली, "काका, बहीण आलीय तुमची."

आतून तुझा आवाज. जरा जाड झालाय. "कुठली?"

"कुठली म्हणजे? किती आहेत तुम्हाला?"

"एकच आहे. पण ती येणाऱ्यातली नाही."

"आलीय, इथं उभी आहे. पांढरीफटक पडलीय नुसती."

आत खाट करकरली. मग तू म्हणालास, "पाच मिनिटं थांबायला सांगा. सदरा बदलतो. आणि ती पत्रं द्या तिच्याकडे. तिनं लिहिलीत, तिनंच वाचावीत."

बाईंनी चार पाकिटं आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली गेल्या. एकही फोडलेलं नाही. कडा मात्र मळल्या आहेत, चारही बाजूंनी.

दादा, इथं आता मी आहे आणि चार पाकिटं. तुला चारच ठाऊक आहेत. पाचवं माझ्या पिशवीत आहे. त्यावर तिकीट नाही, पत्तासुद्धा नाही. २२ तारखेला लिहून पाकिटात घातलं आणि तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. पेटीत टाकायला गेले होते. पेटीपाशी उभी राहिले. परत आले.

चौथं फार चांगलं पत्र आहे. त्यात तू निर्दोष आहेस, म्हातारा दुकानात पडतो, घरमालक कुलूप तोडतो, आणि मी सगळ्याचा छडा लावणारी हुशार बहीण. शेवटी 'बाकी उद्या' असं आहे, पण ती ओळ वाचलीच पाहिजे असं थोडंच आहे? तुला दिसत नाही. मी चौथं वाचून घडी घालीन, तू म्हणशील, जाऊ दे, झालं गेलं. आणि मला क्षमा मिळेल, ज्या गोष्टीची मागायला हवी ती सोडून. अकरा वर्षांपूर्वी मी तुझे खिसे तपासायला निघाले होते. आज माझ्या पिशवीत काय आहे ते कुणीही तपासणार नाही.

आत कपाटाचं दार वाजलं. तू काहीतरी पाडलंस, आणि स्वतःलाच रागावलास, अगदी अण्णांसारखा.  मौखिक परीक्षेला दाराबाहेर अशीच बसले होते; तेव्हा निदान विषय येत होता.

"या," असं आतून म्हणालास. मला, 'या'.

पाचवं बाहेर काढलं आहे. आत येऊन हे पहिलं वाचते. बाकीची चार नंतर, तू ऐकायला बसून राहिलास तर.